मधला डोंगर

दादा गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात डोंगरावरचा अँटेना वानरांनी मोडला. मुखेडहून फोन आला तेव्हा मी पुस्तकांवरची धूळ पुसत होते. आमच्या हौशी रेडिओच्या गटातला एक जण तिथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्याचा फोन. म्हणाला, "मॅडम, रिपीटर ऐकून नाही राहिला. वर जाऊन आलो. वानरांनी झोके घेतले, काठी मधोमध मोडली. आणि अप्पा म्हणून राहिले, चालू असलं तर ऱ्हाऊ द्या, बंद असलं तर खोली मोकळी करा. श्रावणात भांडी ठेवायला पाहिजे."

अप्पांचं काही चुकत नव्हतं. रिपीटर ठेवलेली खोली ते बघत असलेल्या देवळाची होती आणि श्रावणी सोमवारी तिथे शेकड्यांनी पानं उठतात. पण ती खोली मोकळी झाली असती तर दादानं आणि मी मिळून केलेलं एकुलतं एक काम या जगातून उठलं असतं.

दादा लातूरला असायचा, मी लग्न होऊन नांदेडला आले. तो विजेच्या खात्यात नोकरीला होता. भूकंपानंतर बाहेरगावची काही माणसं वायरलेसचे संच घेऊन लातूरला आली होती, त्यांना दादा बॅटऱ्या भारून देत असे. माणसं परत गेली, पण वायरलेस त्याच्या डोक्यात राहिलं. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं हौशी रेडिओचा परवाना काढायचं ठरवलं आणि मलाही परीक्षेला बसवलं. मी इतिहास शिकवणारी बाई, मला ओहमचा नियम कशाला, असं म्हणाले तर तो म्हणाला, "मी एकट्यानं परवाना काढून बोलू कुणाशी?"

मोर्सच्या टिंब-रेघांचा सराव मी पोळ्या लाटताना ओट्यावर लाटणं आपटून करत असे. सासूबाईंनी दोन-तीन दिवस ते बघितलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, हिच्या हाताला कंप सुटलाय का. परीक्षेला आम्ही दोघं हैदराबादला गेलो. परतीच्या गाडीत दादा खिडकीबाहेरचे सगळे टॉवर नजरेनं मोजत होता आणि मी पुस्तक वाचत होते. दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती. बोलण्यासाठी म्हणून परवाना काढलेली ही दोन माणसं.

परवाना आला तरी लातूर-नांदेड बोलणं होईना. आमच्या संचाच्या लहरी सरळ जातात, आणि मध्ये बालाघाटाचे डोंगर. दादाच्या गच्चीवरचा अँटेना त्यानं स्वतः बनवला होता, तांब्याच्या नळीचे तुकडे एकापुढे एक डाख देऊन जोडून आणि पाण्याच्या प्लास्टिक पाइपात घालून. त्यावरून त्याला उदगीर, औसा नीट यायचं. मी मात्र नाही. आठवडाभर तो नकाशा घेऊन बसला आणि मग मला फोन केला.

"बाई, जो डोंगर आडवा येऊन राहिला ना, त्यालाच कामाला लावू."

लोह्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत एक महादेवाचं देऊळ आहे. वर जायला कच्चा रस्ता, माथ्यावर देऊळ, शेजारी एक दगडी खोली. तिथून दोन्हीकडचा मुलूख उघडा दिसतो. अशा उंच जागी रिपीटर ठेवला की खालच्या माणसाचा क्षीण आवाज तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोरात बोलून दाखवतो. दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नसलं तरी डोंगराला दोघांचंही येतं, एवढंच त्यातलं शास्त्र.

देवळाची व्यवस्था अप्पांकडे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, स्वतःची डोंगराखाली जमीन. त्यांनी दादाला ओट्यावर बसवून चौकशी केली ती मला अजून शब्दन् शब्द आठवते.

"याच्यात चित्र दिसतं का?"

"न्हाई अप्पा."

"गाणी?"

"न्हाई."

"मग काय होतं?"

"माझी बहीण नांदेडला हाय, तिच्याशी बोलता येतं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "ही न्हवं का? ही तर इथंच बसलीय."

"ती घरी गेल्यावर."

"फोन न्हाई तिच्याकडं?"

"हाय."

अप्पांनी आम्हां दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. मग म्हणाले, "बिघडलेलं न्हाई ना डोकं? न्हाई तर ठेवा. पण खोलीत पायताण चालायचं न्हाई. भिंतीपल्याड गाभारा हाय."

म्हणून आमच्या रिपीटरवर सगळ्यांनी कायम अनवाणीच काम केलं. विजेच्या खात्यातल्या माणसाला अनवाणी उपकरणाला हात लावणं पटेना, तेव्हा दादानं घरातून जेवायचा लाकडी पाट आणला. रिपीटरला हात लावायचा तर आधी पाटावर उभं राहायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की आतही कसली तरी पूजा चालली आहे. अप्पांच्या सूनबाई एकदा पाटाभोवती रांगोळी काढून गेल्या होत्या.

रोज संध्याकाळी आम्ही बोलत असू. फोन होता, पुढे घरच्या सगळ्यांचा व्हॉट्सॲपचा गटही झाला. पण फोनवर दादा दोन वाक्यांत संपायचा. रेडिओवर एकानं बोलून बटण सोडल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही. तो बटण दाबून ठेवायचा, विचार करायचा, आणि त्याचं गप्प राहणं मला ऐकू यायचं. मागे पंख्याची घरघर, वहिनींचं "चहा गार होऊन राहिला," आणि मग त्याचं एखादं वाक्य. लातूरला आज नळाला पाणी आलं. मी वाचत असलेल्या पुस्तकाचं पुढे काय झालं. गटातली बाकीची मंडळी हळूहळू जोडली गेली, पण त्या वेळेत मध्ये कुणी पडत नसे.

बोलणं संपवताना रेडिओवर स्टेशन बंद करतो असं सांगायचा शिरस्ता आहे. दादानं तो कधी पाळला नाही. घरातून निघताना आपण जातो म्हणत नाही, तसं तो रेडिओवरही "बरं बाई, येतो," एवढंच म्हणायचा आणि संच बंद करायचा. मुखेडचा नवा होता तेव्हा एकदा त्यानं दादाशी काही शंका विचारायला घेतली, आणि मध्येच दादा "येतो" म्हणाला. हा बिचारा ताटावर बसलेला, सर येतो म्हणाले म्हणजे आता येतील म्हणून संचासमोर थांबून राहिला. बायकोनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार केली.

"सर, येतो म्हणले अन् आलेच न्हाई."

"आरं, येतो म्हणजे जातो."

"मग जातो म्हणा की."

"तसं म्हणू नये," दादा म्हणाला, आणि त्यावर सगळा गट हसला. नंतर मुखेडचाही "येतो" म्हणायला लागला.

दादा गेला तो दवाखान्यात, तीन-चार दिवसांच्या आजारात, हिवाळ्यात. तेराव्यानंतरच्या रविवारी गटानं त्याच्यासाठी रेडिओवर सभा घेतली. अशा वेळी गेलेल्याचं स्टेशन पुकारतात, उत्तरासाठी थांबतात, आणि मग ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर करतात. पुकारा मी करावा असं ठरलं. मी केला. बटण सोडलं. रिपीटरची नेहमीची बारीक सळसळ थोडा वेळ चालू राहिली आणि मिटली. पुढचं वाक्य मला म्हणता येईना. शेवटी मुखेडचा आवाज आला, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. सर येतो म्हणले होते." आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

म्हणून वानरांची बातमी मला नुसती दुरुस्तीची वाटली नाही.

मुखेडच्यानं आधी स्वतः नवा अँटेना बनवून बघितला. साध्या संचाला तो उत्तम चालत होता, पण रिपीटरला लावला की नुसती खरखर. रिपीटर एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. अँटेनाच्या सांध्यात केसाएवढा दोष असला तरी स्वतःच्याच आवाजानं तो बहिरा होतो. विकतचा मागवावा तर श्रावणाच्या आत मिळायची खात्री नाही. त्यानं फोनवर दोन-तीनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "लातूरचा आहे ना मॅडम. सरांच्या गच्चीवरचा. त्यांच्या डाखाला दोष नसतोय."

मी विचार करते म्हटलं. केला मात्र नाही, टाळला. दादाच्या गच्चीवर ती काठी उभी होती तोवर लातूरला दादाचं स्टेशन होतं. चालू नसलं तरी होतं. ती उतरवायची म्हणजे मला त्या रविवारी न म्हणता आलेलं वाक्य हातांनी म्हणायचं. आणि नाही उतरवायची तर डोंगर जाणार.

शेवटी वहिनींना विचारायला म्हणून लातूरला गेले. मनात कुठेतरी होतं की त्याच नको म्हणतील आणि माझी सुटका होईल. वहिनी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. एक दोरी भिंतीपासून थेट अँटेनाच्या खांबाला बांधलेली, तिच्यावर ओली नऊवारी.

"वहिनी, दादा असता तर ओरडला असता."

"ओरडायचेच की. ओलं लुगडं जवळ आलं की यांच्या मशीनचा काटा हलायचा म्हणे. इतकी वर्षं त्या काठीला वाऱ्यापासून जपलं. मला सर्दी झालेली कधी कळली न्हाई."

मी सगळं सांगितलं. वानरं, अप्पा, भांडी, मुखेडच्याचा फसलेला अँटेना. त्या पापड उलटत ऐकत होत्या.

"मग अडलंय कुठं?"

"नेला तर इथं काही राहणार नाही."

"ताई, मी हाय की इथं," वहिनी म्हणाल्या. रागानं नाही, आठवण करून द्यावी तसं. मग त्यांनी लुगडं काढून खांद्यावर टाकलं आणि दोरीची गाठ सोडायला घेतली. "दोरीला दुसरीकडं खिळा मारून द्या तेवढा. आणि माझ्यासमोर उतरवा. मागनं कुणी भंगार म्हणून उतरवलं असतं तर मला बघवलं नसतं."

मुखेडचा आणि त्याच्या दुकानातला एक माणूस दुसऱ्या दिवशी आले. काठीला बाजूंनी धरणारे तारेचे ताण सोडवले, पाइप आडवा केला. वहिनींनी पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि खाली जाऊन सगळ्यांना चहा ठेवला. खिळा मी मारला. वाकडा बसला, पण दोरी धरतो.

तिथून आम्ही तसेच डोंगराकडे निघालो. जीपच्या टपावर बांधलेला तो पांढरा पाइप बघून चाकूरला एकानं बोअरला पाणी लागलं का म्हणून विचारलं. वर पोहोचलो तर अप्पा ओट्यावर. आता पुष्कळ थकले आहेत, पण वानरांची बाजू घ्यायचं सोडत नाहीत. "ती आधीपासून हायत इथं," म्हणाले. "तुम्ही मागून आलाव." अँटेना चढेपर्यंत ते खालून बघत राहिले. या वेळी मुखेडच्यानं ताणांना बाभळीच्या काटेरी फांद्या बांधल्या. मी चपला बाहेर काढून खोलीत गेले, पाटावर उभी राहिले आणि जोडणी केली.

खरखर आली नाही. मुखेडच्यानं हातातल्या संचावरून लोह्याच्या माणसाला हाक मारली, तो स्वच्छ आला. मग मुखेडहून एक. नांदेडहून दोघं, त्यातला एक म्हणाला की आधीपेक्षा बरं ऐकू येतंय. आणि या सगळ्यांच्या मागून एक अनोळखी आवाज, अगदी बारीक, तुटत तुटत. हिमायतनगरचा. त्या बाजूचं आमच्या डोंगराला आजवर कधीच ऐकू आलं नव्हतं. परवाना नवाच मिळाला होता त्याला, कित्येक दिवस नुसताच हाका मारत होता म्हणे, आज पहिल्यांदा उत्तर मिळालं.

अप्पांनी दाराशी येऊन विचारलं, "लागलं?"

"लागलं अप्पा."

"ऱ्हाऊ द्या मग. भांडी पल्याडच्या कोपऱ्यात रचतो."

हिमायतनगरचा उत्साहात होता. कुठून कुठून लोक असतात या रिपीटरवर, असं विचारत होता. मुखेडच्यानं बटणाला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलं. मी नावं सांगत गेले, नांदेड, लोहा, मुखेड, उदगीर.

"आणि लातूर, मॅडम? लातूरहून कोण असतं?"

मी बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. खोलीत बॅटरीचा उबट वास होता, भिंतीपलीकडे कुणीतरी घंटा वाजवली, आणि ते सगळं त्याला ऐकू जात असणार.

"लातूरहून माझा भाऊ असायचा," मी म्हणाले. "आता तिथं कुणी नाही."

मी बटण सोडलं. हिमायतनगरच्यानं बरं मॅडम म्हटलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे सकाळपासून आभाळ आहे, कापसाचं बी टोबून झालंय, आता एखादी सर आली तर बरं. मी म्हटलं, इकडे ऊन आहे.