पुली सुटताना

पुलीचा बोल्ट निघाला होता, पण पुली इंजिनाला चिकटून बसली होती. बडोद्याला काकूंच्या अंगणात, त्यांच्या जुन्या गाडीपुढे मी मांडी घालून बसलो होतो. पुली ओढून काढायचा तीन पायांचा पुलर तिला अडकवून मधला स्क्रू जेवढा आवळता आला तेवढा आवळला होता. आता पाना आणखी एकदा फिरवायला हात धजेना. जोर जास्त झाला तर इंजिनातला क्रँकचा दांडा बिघडेल, आणि काकांच्या मागे काकूंनी जपलेली गाडी कायमची बसेल.

सातवीत शाळा सोडून गावाहून गॅरेजचं काम शिकायला आलेल्या मला काकूंनी मागची खोली दिली, आज गाडीही दिली. जो विश्वास टाकतो त्याच्याच कामात चुकायची जास्त भीती वाटते.

काकू पायरीवर मेथी निवडत होत्या. "काय रे, तिला ओवाळायचंय का आता?"

"काकू, मोडली तर?"

"तर रिक्षाने जाईन देवळात. फिरव तू."

मी पाना कपाळाला लावला, डोळे मिटले आणि फिरवला. ठाक! काही मोडलं काय आणि अडकलेलं सुटलं काय, आवाज सारखाच येतो. गाव सोडताना आईच्या हातातून माझा हात सुटला, तेव्हाही मला काहीतरी मोडल्यासारखंच वाटलं होतं.

डोळे उघडले. पुली अख्खीच्या अख्खी पुलरमध्ये लटकत होती. हसून काकूंकडे पाहिलं, तर मुठीत आवळून धरलेल्या मेथीचा त्यांनी पार चोळामोळा केला होता.