रेड्यामार्फत

लग्न होऊन मी तळे गावाहून रेवदंड्याजवळच्या नारळ-सुपारीच्या वाडीत आले, आणि पहिल्याच आठवड्यात माझी खात्री पटली की आपल्या सासऱ्यांचं डोकं फिरलेलं आहे. माहेरी आमची भातशेती. बैलाला शिव्या घालणारी माणसं मी जन्मापासून पाहिली होती. पण जनावराशी सल्लामसलत करणारं कोणी पाहिलं नव्हतं. मामंजी विहिरीवर उभे राहून रहाटाला जुंपलेल्या रेड्याला म्हणत होते, "त्याला सांग, काल पाट फुटका ठेवला, माझी केळी कोरडी ऱ्हायली." डोळ्यांना झापडं लावलेला रेडा गोल फिरत राहिला. सुपारीच्या आडून दुसरा आवाज आला, "त्याला म्हणावं, पाट खेकड्यांनी फोडला. मी न्हाय."

तो दुसरा आवाज धाकट्या मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या भावाचा. वडील गेल्यावर दोघांनी वाटणी केली. झाडं मोजून वाटली, घरात मधोमध कूड घातला, आणि सगळं सुरळीत होऊन शेवटी गाडी झोपाळ्यावर अडली. झोपाळा एकच. दोघेही हटेनात. मग पंचांनी अक्कल चालवून मोठ्याला फळी दिली आणि धाकट्याला पितळी कड्या. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि झोपाळा कोणालाच नाही. फळीवर सासूबाई पापड वाळवत. कड्यांनी धाकटे मामंजी रेड्याला बांधत, मोठ्या भावाला रोज दिसावं म्हणून.

विहीर, रहाट आणि रेडा मात्र वाटता येईनात. ते सामाईक राहिले. सकाळी आधी आमची पाण्याची पाळी, मग त्यांची. पाळी बदलताना दोघे भाऊ समोरासमोर येत आणि जे काय सांगायचं ते रेड्याला सांगत. रेड्याने वेद म्हटल्याचं आपण ऐकतो. आमच्या रेड्याला त्याहून अवघड काम होतं. त्याला गप्प राहून दोघांचं ऐकायचं होतं.

एकोणीसशे साठच्या आसपास मामंजींनी बॅटरीवरचा रेडिओ आणला. महिन्याच्या आत पलीकडेही आला. आता दोन सुपारींऐवजी चार सुपारींना एरियलच्या तारा, आणि दोन्ही घरांत दर आठवड्याला एकेक विनोदी श्रुतिका. आमच्याकडे मंगळवारी एक कुटुंब यायचं. त्यातला नवरा बढाईखोर. सकाळी वाघ मारायचा, दुपारी साहेबाला इंग्रजी शिकवायचा. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि नुसतं म्हणायची, "हो का?" संपला वाघ. पलीकडे शुक्रवारी दुसऱ्या केंद्रावरची खानावळ लागायची. तिथे कोणी दुसऱ्यांदा आमटी मागितली की मालक आपल्या स्वर्गवासी बायकोची गोष्ट सुरू करायचा; गिऱ्हाईक रडायला लागायचं आणि जेवण आटपायचं. फक्त एक बहिरा पाहुणा खात सुटायचा.

कूड इतका पातळ की पलीकडची शिंकसुद्धा आम्हाला वाटून मिळायची. त्यामुळे दोन्ही घरांना दोन्ही श्रुतिका पाठ. पण कबूल कोण करणार? दुसऱ्या दिवशी विहिरीवर परीक्षण व्हायचं.

"त्याला विचार," मामंजी रेड्याला म्हणायचे, "इतकं खाणारा बहिरा कुठं बघितला हाय का? हसवायला घरची माणसं लागतात. खानावळीतला माणूस कंटाळला तर उठून जाईल. घरातला जाईल कुठं? तो तिथंच सापडतो, म्हणून हसू येतं."

"त्याला सांग, घरातली माणसं भीतीनं हसतात," पलीकडून उत्तर. "आणि त्या बाईला दोनच शब्द दिलेत. तेवढ्यावर काय नाटक होतं व्हय?"

"दोन शब्दांत नवरा आडवा करते. त्याचा मालक अर्धा तास रडतो तेव्हा एक वाटी आमटी वाचते."

मी घागर भरायच्या निमित्ताने तिथे रेंगाळत असे. खरं सांगते, दोन्ही श्रुतिकांपेक्षा ही तिसरी मला जास्त आवडायची. सासूबाईंनी तर त्या बाईचा "हो का?" उचललाच होता, आणि मामंजींना त्याचा पत्ताही नव्हता.

एकदा सासूबाई चांगली तांदळाची पेज रेड्यापुढे ओतताना दिसल्या. मी म्हटलं, "अहो, कोंडा आहे की."

"कोंडा तू खा," त्या म्हणाल्या. "हा म्हातारा झालाय. हा बसला की हे दोघं कायमचे मुके. मग भाऊ असून नसल्यासारखे." पलीकडून धाकट्या सासूबाईही त्याला गूळ चारत, हे मला नंतर कळलं. दोन्ही जावा मिळून एका रेड्याचं आयुष्य ओढून धरत होत्या.

त्या पावसाळ्यात रेडा गेला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला नारळाच्या बुंध्याशी पुरलं. खड्डा दोन्ही भावांनी खणला, एकमेकांकडे न बघता, घरच्या माणसासाठी खणावा तितका नीट. दिवाळीनंतर पाण्याची वेळ आली तेव्हा माझ्या नवऱ्याने अलिबागहून तेलाचं इंजिन आणलं. आपण घरात सुधारणा आणली म्हणून स्वारी खूश. कोणाची जीभ कापली हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

मामंजींनी दुसऱ्या दिवशी इंजिनाशी बोलून पाहिलं. मी स्वतः पाहिलं. "त्याला सांग..." एवढंच ओठांवरून कळलं, पुढचं सगळं त्या धडधडीने गिळलं. धाकटे मामंजी पलीकडे कानाला हात लावून उभे होते. मग दोघे आपापल्या वाटेने गेले. असं रोज व्हायला लागलं, आणि काही दिवसांनी मामंजी तोंड उघडेनासे झाले. मंगळवारी त्या नवऱ्याने वाघ मारला तरी घरात कोणी हसेना. मामंजी रेडिओ मधेच बंद करायचे. "आता पूर्वीसारखं लिहीत न्हाईत," म्हणायचे. लिहिणारे चांगलं लिहीत होते. नावं ठेवणारा मुका झाला होता. मला त्यांची फार कीव यायची, आणि रेड्याची आठवण यायची.

चैत्रातल्या एका शनिवारी मी विहिरीवर होते. पाळी बदलायची वेळ. मामंजींनी इंजिन बंद केलं. एरवी ते चालूच सोपवायचे. वाडी एकदम गप्प झाली. धाकटे मामंजी दचकून थांबले. मामंजी आधी वळले त्या नारळाकडे, जिथे रेडा पुरला होता. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग हळूहळू भावाकडे वळले.

"काल तो बहिरा... मालक रडतोय आणि हा त्याच्याच पानातली भाकरी उचलतो. मी हसलो. तुला ऐकू आलं असंल."

"आलं," धाकटे मामंजी म्हणाले.

 मी भरलेली घागर कडेवर घेऊन तशीच उभी होते.

"दादा," ते म्हणाले, "ती फळी हाय का अजून?"

"हाय. वाळवी न्हाय लागली."

"कड्या मोकळ्याच पडल्यात. आता बांधायला कोण हाय?"

मी घागर तिथेच टाकून अंगणात धावत आले आणि सासूबाईंना सगळं एका दमात सांगितलं.

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि फळीवरचे अर्धे ओले पापड भराभरा उचलायला लागल्या.