चौदा चिठ्ठ्या, एक अंगठा

ती घटना आजही आठवते, पण डोक्याआधी माझ्या डाव्या दंडाला. हवा बदलली की तो ठणकतो आणि अक्कलकोटपलीकडचा तो नाका डोळ्यांपुढे उभा राहतो.

सत्तरच्या दशकाचा मध्य. देशोदेशी फिरून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आमच्या जिल्ह्यात पोचली होती. कर्नाटकाच्या हद्दीवर नाका बसला. तिथल्या ठाण्याचा फौजदार मी. सुई टोचल्याची चिठ्ठी दाखवायची, मगच पलीकडे जायचं.

हद्दीवरच्या एका गावातल्या बायका सोलापूरच्या दागी, म्हणजे विणकामात चूक राहिलेल्या, चादरी दर मंगळवारी पलीकडच्या बाजारात नेत आणि येताना सुकी मिरची आणत. डोक्यावरचे गठ्ठे एवढाले, की खाली बाई आहे हे पाय दिसल्यावरच कळावं. नाका बसला आणि त्या अडकल्या. गड्यांकडे चिठ्ठ्या होत्या. त्यांनी सायकलींवर तोच धंदा उचलला. दोन महिन्यांनी चौदा बायका चिठ्ठ्या घेऊन नाक्यावर हजर!

लगेच खबर आली, तीही एका सायकलवाल्याकडून.

"सायेब, एकीनं बी सुई घेतली न्हाय. समद्या चिठ्ठ्या खोट्या हायती."

माणूस पोटदुखीनं बोलत होता, पण पोटदुखीची खबर खोटीच असते असं नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि चिठ्ठ्या ताब्यात घेतल्या. शिक्के अस्सल, कंपाउंडरांच्या सह्या अस्सल. काही केल्या उलगडा होईना. चिठ्ठ्या टेबलावर मांडून मी चौदा कप चहा प्यायलो. कपांचा आकडा थोडा फुगवलाय, चिठ्ठ्यांचा नाही. शेवटी नजर अंगठ्याच्या ठशांवर गेली. प्रत्येक ठशावर विळ्याच्या जुन्या जखमेची तिरपी रेघ. चौदा बायकांना मिळून एकच अंगठा!

तो निघाला त्या बायकांच्या म्होरकीचा. सगळ्या तिला अक्का म्हणत. ठाण्याला महिला पोलीस नव्हती, म्हणून हवालदाराच्या पत्नीला शेजारी बसवून जबाब सुरू केला.

"व्हय, मीच टोचून घेतल्या. चौदा येळा. दवाखाना बदलून, नाव बदलून."

"मरायचं होतं का अक्का?"

"मला ताप चढत न्हाय की. ह्या बाकीच्यास्नी चढतो."

"गड्यांनाही चढला असेल. घेतलीच ना त्यांनी?"

"गडी बाजेवर पडला की बायकू पेज करून देती. बायकू पडली तर कोन देतंय? आन् सुईवाले गावात येत्यात मंगळवारीच, धा वाजता. गडी पारावर बसून दंड म्होरं करत्यात. आमी सा वाजताच बाजाराच्या वाटंला, नाका बसल्यापास्नं मजुरीला."

मी आवाज चढवला. "गुन्हा दाखल केला तर नाका कायमचा बंद होईल तुम्हाला."

"मग चौदा चुली बी बंद." ती मला निरखू लागली. "सायेब, तुमाला कुटं टोचली? बाही वर करा की."

अट्टल दरोडेखोरांना मी नुसत्या मिशीनं बोलतं केलंय, पण तेव्हा मीच बाही खाली ओढू लागलो. माझ्या खिशातही अस्सल शिक्क्याची चिठ्ठी होती. आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर ठाण्यात आला, चहा प्यायला आणि साऱ्या स्टाफच्या चिठ्ठ्या लिहून गेला होता. हवालदार छताकडे बघू लागला. त्याची बायको हवालदाराकडे.

तोडगाही अक्कानंच सांगितला. "सुई नाक्यावर टोचा, पन परतीला. जाताना टोचली तर ताप बाजारात चढंल. बुधवारी आमी घरीच असतो."

पुढच्या मंगळवारी ऊन कलताना नाक्यावर टेबल लागलं. मी चौदा खोट्या चिठ्ठ्या फाडल्या, तेरा त्यांच्या आणि चौदावी माझी. अक्काची एक तेवढी खरी. रांगेत पहिलाही मीच. गुन्हा का दाखल केला नाही, हे वरिष्ठांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

पण तेव्हापासून कुणाचा कागद खोटा निघाला, की मी आधी चौकशी करायचो : खरा कागद कुठं मिळतो, कोणत्या वारी, किती वाजता, आणि त्या वेळी हा माणूस कुठं असतो? अर्ध्या केसेस तिथंच उलगडल्या.

टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मला असा ताप चढला, की पाठीवर भाकरी भाजली असती. दोन गोधड्यांखाली कण्हत पडलो होतो. क्वार्टरच्या खिडकीबाहेर बायकांचा गलका ऐकू आला. त्यांचा घरी बसायचा वार, तरी चौदाही जणी मिरचीची पोती डोक्यावर घेऊन एसटी गाठायला निघाल्या होत्या. साहेब आजारी आहेत, असं हवालदार त्यांना सांगत होता.

"निजू द्या बाबा त्यास्नी," अक्का म्हणाली. "गड्याचा ताप लई मोटा असतो."