मामीचा शेतातला फोटो

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी माझा बेत साधा होता: एका बाईचे दोन फोटो. एक कामाच्या कपड्यांत, एक तिच्या आवडत्या कपड्यांत. बाई तीच, जागा तीच. बघणाऱ्याची नजर कशी बदलते ते बघायचं. अमरावतीच्या राजापेठेतल्या नऊ जणी झाल्या होत्या. नर्सबाई, शिकवणीच्या मॅडम, पोळ्या लाटणाऱ्या काकू वगैरे. दहावी माझी दर्यापूरची मामी, आणि सोमवारी फोटो लावायचे होते.

ठेवणीतली हिरवी साडी नेसून मामीने बांधावर झोकात फोटो काढून घेतला. पण कापूस वेचताना ती साडीवर मामाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला रुमाल गुंडाळते. त्या वेषातल्या फोटोचं नाव काढताच सगळं बिनसलं.

“त्या अवतारात मले अमरावतीले टांगशीन का? लोक म्हनतीन, नवऱ्यानं काय हाल करून ठेवले हिचे.”

मी हट्टी, मामी माझ्याहून हट्टी. शेवटी वैतागून म्हणाली, “येवढा आवडते तं तूच घाल.”

मीही घातला. माझ्या कुर्त्यावर शर्ट, रुमाल, कापूस टाकायची ओटी, सगळं. कॅमेरा तिच्या हातात दिला आणि कपाशीच्या कमरेएवढ्या पऱ्हाटीत पाठमोरी वाकून उभी राहिले.

तेवढ्यात मामा आला. मामा मामीशी गोड बोलल्याचं आमच्या खानदानात कोणी ऐकलेलं नाही. तोंडासमोर कॅमेरा धरलेल्या मामीला माझ्या कॉलेजची कोणी बाई समजून त्याने अदबीने “जय भीम, ताई” केलं आणि माझ्या पाठीमागे येऊन थांबला.

“काहून येवढी वाकून राहिली वं? सकाळपासून कंबर धरून हायेस. बस जराशी. भाकरी मी टाकतो आज.”

मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, मामीचा हेवाही वाटला. मी वळले तशी मामाची बोबडी वळली. “चष्मा घरी राह्यला,” एवढंच पुटपुटला.

मामीने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, माझ्या अंगातला शर्ट काढून घेतला आणि त्या हिरव्या साडीवर चढवला. सावकाश बटणं लावली, रुमाल बांधला.

“काढ आता,” मला म्हणाली. मग मामाला, “आन तुमी काहून उभे? भाकरी टाकाले जा.”

मामा घराकडे निघाला. मामीचा दुसरा फोटो त्याच क्षणाचा आहे. त्यात मामी माझ्याकडे बघतच नाही. जाणाऱ्या मामाकडे बघून हसते आहे.