भाऊजींची मोरघार

आमच्या भाऊजींना भरल्या पानावरून उठायची खोड होती. परसात कावळ्यांनी गलका केला, साळुंक्या किंचाळल्या, की हातातला घास तसाच धरून ते मागच्या दारी पळत. "शिक्रा आला असणार," एवढंच जाता जाता बोलत. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी, आणि त्याला बघितलं की लहानसहान पाखरं असा आरडाओरडा करतात, हे मला सांगलीला त्यांच्या घरी राहायला आल्यावर कळलं. माझी थोरली बहीण, अक्का, आमटी पुन्हा चुलीवर ठेवी आणि म्हणे, "ह्यांच्या पत्रिकेत शनी नाही, शिक्रा आहे." मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडे होते. मेहुणी असल्यामुळे थट्टेचा मान माझा, आणि तो मी पुरेपूर वसूल केला.

भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. लग्नातले फोटो हा पोटाचा धंदा. तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं खुपसून ते ओरडत, "कोणी हलायचं नाही!" आणि सगळ्यांत आधी स्वतः हलत. मिरजेच्या एका लग्नात वऱ्हाड श्वास रोखून उभं राहिलं, नवरीचे डोळे ताणून ताणून पाण्याने भरले, आणि भाऊजी मांडवाबाहेर मान वर करून उभे! वर गिधाडं घिरट्या घालत होती. वरबाप संतापला. "शुभकार्यात गिधाडं कसली बघताय?" भाऊजी म्हणाले, "काळजी करू नका, ती आपल्यासाठी आलेली नाहीत." त्या घरचं पुढचं लग्न दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेलं.

खुर्चीत बसले तरी त्यांचा गुडघा हलत असायचा. बोटं कशावर तरी वाजत असायची. असल्या माणसाने शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायचा ध्यास घ्यावा, म्हणजे कमालच. झुडपाआड तासन् तास बसायचं, आणि नेमका पक्षी उतरताना ह्यांना मान खाजवायची असायची. त्यामुळे नुकताच पक्षी उडून गेलेल्या फांद्यांचे त्यांच्याकडे उत्तम फोटो होते. "ही बघ, अजून हलतेय," असं ते मला कौतुकाने दाखवत. फोटोत फांदी हललेली कशी दिसणार, असं विचारलं की रागवत.

एक फोटो मात्र त्यांना हवाच होता. कडेगावच्या पलीकडे डोंगरात एका कड्याच्या कपारीत मोरघारीचं घरटं होतं. मोरघार नावाला घार, पण जात गरुडाची. पोटाशी पांढरी, अंगाने दणकट, आणि वागायला एखाद्या संस्थानिकासारखी. ती पंख उघडून घरट्यावर उतरतानाचा फोटो भाऊजींना पाहिजे होता. दर हिवाळ्यात जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. त्यात महायुद्ध सुरू झालं आणि तेव्हा फोटो ज्यांवर उठायचा त्या काचा मिळेनाशा झाल्या. लग्नांसाठी जपून ठेवलेल्यातली एक काच त्यांनी शेवटी मोरघारीसाठी बाजूला काढली. एकच. दुसरी मिळायची आशा नव्हती.

"ह्या खेपेला मी येते," अक्का म्हणाली. "हललात की चिमटा काढीन." मग मीही निघाले. कड्यासमोरच्या टेकाडावर भाऊजींनी फांद्यांचा आडोसा केला, वर एका धनगराकडून मागून आणलेली घोंगडी टाकली, आणि आम्ही तिघं आत दाटीवाटीने बसलो. अक्काने एक हात त्यांच्या गुडघ्यावर घट्ट दाबून धरला होता. नवराबायकोचं इतकं शांत चित्र मी घरी कधी पाहिलं नव्हतं. उन्हं चांगली वर आली आणि मोरघार आली. पायात काहीतरी लोंबत होतं. तिने पंख पसरले, शेपटी दाबली, आणि भाऊजींनी बटण दाबलं. अक्काचा हात तसाच होता. भाऊजी हलले नव्हते! ते लहान मुलासारखे हसायला लागले, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

आम्ही आडोशातून बाहेर पडलो तर समोर चार तरुण उभे. दोघांच्या हातात कुऱ्हाडी. ते स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. त्या डोंगरातून भूमिगत पोरं हिंडत, आणि गावोगाव खबऱ्यांचा संशय असे.

"कुनाचा फोटू काडला?" पुढच्या पोराने विचारलं. जेमतेम मिसरूड फुटलेली.

"घारीचा," भाऊजी म्हणाले.

"घारीचं काय लगीन हाय व्हय?" मागचा एक हसला. पुढचा हसला नाही. "काच दावा."

"उजेड लागला की ती वाया जाते. अंधाऱ्या खोलीत धुवावी लागते."

"म्हंजी आमी बघायची न्हाई. फौजदारानं बघायची."

"तुम्हीच चला माझ्याबरोबर सांगलीला. तुमच्यासमोर धुतो."

"सांगलीत? वारंट हाय माज्यावर."

अक्का पुढे झाली. "अहो दादा, ह्यांना घरात मीठ कुठे असतं ते ठाऊक नाही. हे कसली खबर देणार?"

"वैनी, तुमचं खरं आसंल. पर काच ऱ्हातीया की."

आदल्याच पावसाळ्यात पोलिसांनी भाऊजींचा स्टुडिओ उलथापालथा केला होता, कोणा कोणाचे चेहरे सापडतात ते बघायला. कड्याच्या पायथ्याशी, घरट्याच्या बरोबर खाली, फोटोत सहज येईल अशी एक पायवाट होती. भाऊजींनी तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मघाशी त्या वाटेनं कोण चाललं होतं?"

पोरगा म्हणाला, "मीच व्हतो. पान्याला गेल्तो."

भाऊजींनी कॅमेऱ्यातून लाकडी चौकट काढली, तिचं झाकण ओढलं आणि काच उन्हात धरली. पांढरी दुधाळ काच आमच्या डोळ्यांदेखत करडी पडत गेली. कोणी त्यांच्यावर हात टाकला नव्हता. आणखी वाद घालता आला असता, हातापाया पडता आलं असतं. त्यांनी काहीच केलं नाही.

"घ्या," ते म्हणाले. "आता ह्यात तुम्हीही नाही, आणि माझी घारही नाही."

पोरगा ओशाळला. सोबत्याला म्हणाला, "लय वंगाळ झालं गड्या." मग त्यानेच कॅमेऱ्याची पेटी खांद्यावर घेऊन आम्हाला मोटाररस्त्याच्या अलीकडपर्यंत पोचवलं. परतीच्या मोटारीत भाऊजी अक्काला सारखं एकच सांगत होते, "चांगली उतरली होती गं. दोन्ही पंख उघडे." अक्का दर वेळी म्हणाली, "हो, मी पाहिलं ना."

स्वातंत्र्य मिळाल्यावर एका दुपारी त्या डोंगराकडची एक बाई स्टुडिओत आली. मी तेव्हा तिथेच होते. पदराने तोंड पुसत ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"माज्या गनपाचा फोटू हाय म्हनं तुमच्याकडं. त्योच सांगायचा, डोंगरात फोटूवाल्यानं माजा फोटू काडलाय. त्यो गोळी लागून गेला वो. दुसरा फोटू कुटंच न्हाई त्येचा."

काच उन्हात धरून वाया घालवल्याचं पोराने घरी सांगितलं नसावं. भाऊजींनी तिला हाताला धरून आत आणून बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. "होता, आई. मीच घालवला. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून."

ती भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोंकडे बघत राहिली, सगळ्या परक्या लोकांकडे. मग म्हणाली, "बरं केलंसा. तवा त्यो वाचला." उठता उठता म्हणाली, "पर एवडुसा तरी दिसला आस्ता."

भाऊजी तिला मोटार अड्ड्यापर्यंत सोडून आले, आणि संध्याकाळपर्यंत स्टुडिओत येरझारा घालत राहिले. अक्काने त्यांना एकदाही बसा म्हटलं नाही.

पुढे काचा मिळू लागल्या. भाऊजी पुन्हा त्याच टेकाडावर गेले, आणि ह्या वेळी मोरघार मिळाली, पंख उघडलेली, पायात सरडा धरलेली. मोठा फोटो करून त्यांनी तो दारातच लावला. येणारे जाणारे थांबून वाहवा करत.

भाऊजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या फोटोसमोर उभे असलेले. गिऱ्हाईक नसलं की हातात भिंग घेऊन ते फोटोला डोळा लावत. मला वाटे, पिसं न्याहाळतायत. थट्टा करावी म्हणून एकदा मी पाठीमागून जाऊन वाकून बघितलं. भिंग घारीवर नव्हतंच. ते खाली होतं, कड्याच्या पायथ्याशी, रिकाम्या पायवाटेवर.