मामा मागेच उभे होते
जळक्या ऑइलचा वास आला की मला बदनापूरचं ते गॅरेज आठवतं. आमच्या पिकअपवर एक वयस्कर ड्रायव्हर होते, मी त्यांना मामा म्हणायचो. आठवडाभर ते सांगत होते, "मालक, ब्रेक लई कडक लागून राह्यला, पंप दाखवू एकदा." मी हमालांसमोर म्हणालो, "ब्रेक बराबर हाय मामा, तुमच्याच पायात जोर न्हाई राह्यला." सगळे हसले. दोन दिवसांनी मोसंबी भरलेली गाडी मी स्वतः चालवत होतो, मामा शेजारी होते. उतारावर समोर शेळ्या आल्या. दोन्ही पायांनी दाबूनही ब्रेक नीट लागेना. मामांनी हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठं गाडी शेळ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. गॅरेजात मिस्त्रीनं ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप खोलला, तर आतली पाती पार झिजलेली. त्यानं विचारलं, "इतकं होईस्तोवर ड्रायव्हरनं सांगितलं न्हाई का?" मामा मागेच उभे होते. मी म्हणालो, "न्हाई." मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते खाली बसले आणि नव्या पंपाचे बोल्ट एकेक करून मिस्त्रीच्या हातात देऊ लागले. हल्ली मामा गावीच असतात. भेटायला गेलो की मायेनं चहा पाजतात. दरवेळी मी माफी मागायची ठरवून जातो, आणि चहा पिऊन परत येतो.