हवेत ओवलेली सुई

इस्पितळात तिला सगळे खारूताई म्हणायचे. चण लहान, पायाला भिंगरी, बोलताना मान सारखी इकडेतिकडे. वॉर्डातली नोकरी सोडून ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करू लागली, पण नाव काही सुटलं नाही. नर्स म्हणून तिचा हात हलका होता आणि तोंड फटकळ. रोगी तिला घाबरत, आणि ती एक दिवस आली नाही तर रुसून बसत.

मास्तरांकडे ती लागली तेव्हा त्यांचं मोडलेलं मांडीचं हाड नुकतं जुळत होतं. मास्तर म्हणजे शिंपी. हयात कपडे बेतण्यात गेली. बायको वारून बरीच वर्षं झालेली. घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीवाले. खारूताई सकाळी येई आणि दिवस कलला की जाई.

मधे ती चार दिवस रजेवर गेली. परत आली तर दारातच सुनेने तिला बाजूला घेतलं.

"ताई, बाबांचं काही खरं नाही," सून हळू आवाजात म्हणाली. "आई येतात त्यांच्याकडे."

"कोण आई?"

"सासूबाई. त्या न्यायला आल्यात, असं हे म्हणतात."

मुलगा मागेच उभा होता. त्याचे डोळे सुजलेले. त्याने नातेवाइकांना फोनसुद्धा करून ठेवले होते.

खारूताई आत गेली. खिडकीचा पडदा ओढलेला, खोलीत अंधूक उजेड. मास्तर पलंगावर बसले होते आणि डाव्या हाताच्या चिमटीत धरलेल्या, नसलेल्या सुईत उजव्या हाताने नसलेला दोरा ओवत होते. दोऱ्याचं टोक त्यांनी ओठांत ओलं करून घेतलं. मग चादरीच्या काठावर टाके घालू लागले. मधेच मान वर करून पायथ्याकडे बघत, "हात जरा वर कर. काखेत घट्ट होतंय का?" असं विचारत, आणि उत्तर ऐकून मान डोलावत.

सून दाराशी पुटपुटली, "जुना धंदा आठवतोय बिचाऱ्यांना."

पायथ्याशी कुणी नव्हतं, पण मास्तर इतके खात्रीने बघत होते की खारूताईने नकळत वाट सोडून पलंगाला वळसा घातला. मग तिला स्वतःचाच राग आला. तिने मास्तरांच्या कपाळाला हात लावला. अंग कोरडं आणि गरम. चेहरा लाल. बाहुल्या मोठ्या झालेल्या. जीभ बघितली तर सुकलेल्या पानासारखी. आणि ओटीपोट टणक.

"मास्तर, लघवीला कधी जाऊन आलात?"

मास्तरांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

तिने दोघांना बाहेर बोलावलं. "नवीन औषध काय चालू केलंय?"

"काहीच नाही," सून म्हणाली. मग थांबून, "अंगाला खाज सुटली होती, म्हणून दुकानातून साधी गोळी आणली. दिवसातून तीनदा देते."

मुलगा चमकला. "आणि मी रात्री सर्दीचं सिरप देतोय. झोप चांगली लागते त्यांना."

"दोन्हींत औषध एकाच जातीचं आहे," पाकीट आणि बाटली मागवून वाचल्यावर खारूताई म्हणाली. "खाज थांबवतं, शिंकाही थांबवतं. तरण्या माणसाला नुसती गुंगी येते. म्हाताऱ्यांच्या अंगात ते साचून राहतं, तोंड कोरडं पाडतं, लघवी तुंबवतं आणि नाही नाही ते दाखवतं. आता दोन्ही बंद. मी डॉक्टरांना फोन करते."

"म्हणजे आई..." मुलगा म्हणाला.

फोन झाल्यावर तिने आत येऊन पडदा सरकवला. उजेड भसकन आत आला. मास्तर दचकले, हात तसाच हवेत राहिला.

डॉक्टर आले, नळी घालून लघवी मोकळी केली, रक्त तपासायला पाठवलं. पुढचे दिवस खारूताईने डोळ्यांत तेल घालून काढले. घोट घोट पाणी पाजायचं, ओठ ओले ठेवायचे, चष्मा नाकावर ठेवायचा, आपण कोण आणि वार कोणता ते सांगत राहायचं. उठवताना आधी पलंगाच्या काठावर बसवायचं, चक्कर नाही ना बघायचं, मगच हात देऊन उभं करायचं. खाज होती ती कातडी कोरडी पडल्यामुळे. कोमट पाण्याने अंग पुसून मलम चोळलं, नखं कापली, तशी ती आपोआप शमली.

मास्तर शुद्धीवर आले. नातेवाइकांना परत फोन गेले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

एका दुपारी ती मलम चोळत असताना मास्तर म्हणाले, "पोरी, ती का येत नाही?"

"कोण, मास्तर?"

"वेड पांघरू नकोस."

तिने सरळ सगळं सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गोळीने आणली होती तिला."

"गोळीने भास झाला."

"मग एक दे."

"नाही देता येणार."

"अर्धी दे."

"मास्तर, पुन्हा लघवी तुंबेल. तोल जाऊन पडाल."

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. "बायको कशी होती ठाऊक आहे तुला? पोटात काही ठेवायची नाही. शेजारणीचं भांडणसुद्धा मला दोनदा ऐकावं लागायचं. आणि त्या दिवशी म्हणाली, 'अहो, एक सांगायचं राहिलंय.' तेवढ्यात तू पडदा सरकवलास."

खारूताईकडे असल्या वेळची ठेवणीतली वाक्यं होती. तिने मलमाचं झाकण लावलं, ते नीट लागलं नाही, पुन्हा लावलं.

तेव्हापासून ते वाक्य तिच्या मागे लागलं. सकाळी भांडी घासताना, बसची वाट बघताना कुणीतरी मागून म्हणे, एक सांगायचं राहिलंय. तिचा नवरा एका सकाळी कामावर गेला होता आणि त्याचं प्रेतच घरी आलं होतं. निघताना तो दारात क्षणभर थांबला होता का? तिला काही केल्या आठवेना. त्या दाराकडे ती आता बघायचं टाळू लागली.

मास्तर काठी टेकत चालू लागले आणि तिचं तिथलं काम संपलं. गोळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढल्या वर्षी बाजारात मास्तरांचा मुलगा भेटला. मास्तर महिन्यापूर्वी गेले होते.

"त्रास नाही ना झाला?" तिने विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत शुद्धीत होते. तुम्ही सांगितलं होतं तसं भलतं औषध एकही दिलं नाही."

तिला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं. "कुणी आलं होतं का, म्हणजे... काही बोलले?"

"नाही हो. नुसते पायथ्याकडे बघत होते. मला म्हणाले, 'बाजूला हो जरा.' मी झालो. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, 'नाही रे, कुणी नाही.'"

मुलाने नमस्कार केला आणि तो गर्दीत मिसळला. खारूताई हातातली पिशवी धरून तिथेच उभी राहिली. भाजीवालीने दोनदा हाक मारली तेव्हा ती भानावर आली आणि घराच्या, त्या दाराच्या उलट दिशेने चालू लागली.